सोसण्याचं बिल दातांवर

दात खराब झाले म्हणजे माणूस आळशी, असा आपल्याकडे सरळ हिशेब आहे. ब्रश करत नसेल, गोड खात असेल, रात्री चूळ भरत नसेल. घरचे हेच म्हणतात, शेजारी हेच म्हणतात आणि खुर्चीवर आडवं केलेल्या पेशंटला पुष्कळदा डॉक्टरही हेच ऐकवतात. हा हिशेब अर्धाच आहे. तो माणूस कसल्या ओझ्याखाली जगतोय, किती झोपतोय, कुणाचं किती देणं लागतोय, हा उरलेला अर्धा भाग कोणी विचारत नाही. दोष मात्र सगळा ब्रशच्या माथी मारला जातो.

ताणाने दात बिघडतात, हिरड्याही बिघडतात. हे मनाचे खेळ नाहीत. ही मोजून पाहिलेली गोष्ट आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात फिलिप मारुचा, जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. ११ विद्यार्थी त्यासाठी तयार झाले. प्रत्येकाच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम दोनदा करण्यात आली. एकदा उन्हाळी सुट्टीत आणि दुसऱ्यांदा सत्राच्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के अधिक वेळ. सुट्टीतल्या वेगाने परीक्षेत एकाचीही जखम भरली नाही. जखम भरण्याच्या कामाला सुरुवात करून देणारा इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा एक रेणू असतो. तो बनवण्याची रक्तपेशींची तयारीही त्या दिवसांत ६८ टक्क्यांनी घटलेली दिसली.

हे विद्यार्थी होते दंतवैद्यकाचे. ब्रश कसा धरायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तरीही परीक्षा जवळ आली आणि त्यांचं तोंड मंदावलं. ताणापुढे दातांचं ज्ञान कामाला येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

आता हीच मोजपट्टी घेऊन पुण्यात या. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. गल्लोगल्ली अभ्यासिका आणि वर कॉट बेसिसच्या खोल्या. परभणी, बीड, नंदुरबार, सोलापूरकडून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं-मुली पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तिथे मान मोडून बसलेली असतात. बाप शेतीतून पैसे पाठवतो आणि गावाकडून फोन आला की एकच प्रश्न येतो, "निकाल कधी?" ओहायोतल्या मुलांची परीक्षा तीन दिवसांवर होती आणि ती ठरल्या दिवशी संपणार होती. इथे परीक्षा कधी, हेच पक्कं नसतं. २५ ऑगस्ट २०२४ ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्याच दिवशी येत होती. मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, परीक्षा पुढे गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. मागणी रास्त होती. पण तारीख पुढे ढकलताना मुलांच्या ताणाचे महिनेही वाढतात, याची नोंद कुठल्या परिपत्रकात होते?

या मुलांच्या तोंडात काय चाललेलं असतं ते बघू.

माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल धुऊन नेते, उरलेल्याचा जोर मोडते आणि दाताच्या वरच्या थरातून निघालेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दाताला देते. टेन्शन आलं की हीच लाळ आटते आणि घट्ट होते. मुलाखतीच्या खोलीबाहेर जीभ टाळूला चिकटते ती त्यामुळेच. पण मुलाखत संपते. रोजचा घोर संपत नाही आणि तोंडाचा कोरडेपणाही सरत नाही.

त्यात रात्री एक वाजता टपरीवरचा गोड चहा आणि सोबत क्रीमचं बिस्किट. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत जिवाणू तिचं आम्ल करतात. तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कठीण कवच विरघळू लागतं. लाळ धड असेल तर अर्ध्या-एक तासात गाडी रुळावर येते. लाळ आटलेली असेल तर वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचा चहा येतो. झोपेत लाळ जवळजवळ थांबतेच. म्हणजे एक वाजताचा चहा पिऊन तसंच आडवं होणं, हा दातांना सगळ्यात महाग पडणारा चहा आहे. मी चहा सोडा म्हणत नाही. घोटाघोटाने तासभर पिऊ नका, वर साधं पाणी प्या आणि झोपण्याआधी ब्रश फिरवा, एवढंच म्हणतो.

परीक्षेच्या तोंडावर कितीतरी जणांचं तोंड येतं. जिभेच्या कडेला, ओठाच्या आत पांढरट पुरळ, झोंबरं, तिखट तर लांबच, साधं वरणही खाववत नाही. मेडिकलवाला बी कॉम्प्लेक्सची पट्टी देतो आणि विषय संपतो. जीवनसत्त्वाची कमतरता असते कधी कधी, नाही असं नाही. पण दर परीक्षेला, दर हिशेबाच्या महिन्यात, घरातल्या दर भांडणानंतर तोंड येत असेल, तर त्यामागचं कारण गोळ्यांच्या पट्टीत सापडणार नाही. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. तोंडातला कुठलाही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्याला टेन्शनचा म्हणून सोडून देऊ नका. दाखवा. कर्करोगाची सुरुवात अशीही होते.

आता दातांकडे या. हे वाचताना तुमचे दात एकमेकांवर टेकलेले आहेत का?

टेकलेले असतील तर सोडवा. वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचे ते घास चावताना आणि गिळताना. दिवसभराची बेरीज केली तरी ती थोड्या मिनिटांचीच भरते. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि मध्ये दोन-चार मिलिमीटरची फट, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. ताणातला माणूस ती विसरतो. गाडी चालवताना, टार्गेटची एक्सेल शीट बघताना, साहेबांचा फोन ऐकताना तो तासन्‌तास दात आवळून बसतो. काहीजण झोपेत दात खातात. शेजारी झोपलेल्याला करकर ऐकू येते, खाणाऱ्याला पत्ता नसतो. जागेपणी दात आवळण्याचा ताणाशी संबंध जास्त सरळ आहे. झोपेतल्या दात खाण्यामागे झोप तुटणं, श्वासाचा अडथळा, दारू, सिगारेट, काही औषधं अशी आणखीही कारणं असतात. पण झोपेत जाणिवेचा लगाम सुटलेला असतो, त्यामुळे जोर भलताच लागू शकतो.

खात्री करायला दवाखान्यात जायची गरज नाही. दोन बोटं जबड्याच्या कोनावर, कानाच्या जरा खाली पुढे ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली टणक गोळा वर येतो तो चावण्याचा स्नायू. दिवसभर दात आवळणाऱ्याचा हा स्नायू सकाळी दुखतो आणि हळूहळू जाडही होतो. मग आरशासमोर गाल आतून ताणून बघा. दात जिथे मिळतात त्या उंचीवर एक आडवी पांढरी रेघ दिसते का? जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटलेत का? सुळ्याचं टोक बोथट, पुढच्या दातांची धार सपाट झाली आहे का? एखाद-दुसरी खूण बऱ्याच जणांत असते. पण या खुणांबरोबर सकाळी उठल्यावर कानशिलं दुखणं आणि जांभई देताना जबड्यात कट्‌ आवाज येणं हेही असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि झिजलेली कड बोटाने दाखवून विचारा.

दाताचं वरचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरते, कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. आवळून आवळून दाढेला बारीक तडा जातो. एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही. पेशंट म्हणतो, "घास चावून सोडला की कळ येते." त्याच्या या वाक्याकडे दुर्लक्ष झालं तर एक दिवस शेंगदाणा चावताना दाढ उभी चिरते. मग रूट कॅनाल आणि कॅप, किंवा दाढ काढूनच टाकणं.

करोनाच्या काळात हे साऱ्या जगाने पाहिलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की दात खाणारे पेशंट करोनाआधीच्या काळापेक्षा वाढलेत. टवका उडालेले आणि तडा गेलेले दात वाढल्याचं सांगणारेही ६० टक्क्यांच्या वर होते. टाळेबंदीत लोक काही अचानक अक्रोड फोडायला लागले नव्हते. नोकरी जाईल, घरातलं माणूस जाईल, हप्ता थकेल, ही धास्ती रात्रभर जबड्यात दळली जात होती.

यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे नाइट गार्ड. दातांवर घालून झोपायचा ॲक्रिलिकचा साचा. तो उपयोगी आहे. दातांची झीज वाचवतो, घ्यावा. मात्र तो मापाने, डॉक्टरांकडून करून घ्यावा. पण तो दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही. चपलेला नवा तळ मारून रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत. गार्ड हातात ठेवून पेशंटला घरी पाठवताना झोपेचं, घोरण्याचं, चालू गोळ्यांचं आणि घरातल्या-कामावरच्या घोराचं विचारलं नाही, तर तो उपचार अपुरा आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि काहींना दात आवळण्याची सवय लागते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण चालू गोळ्यांची नावं दातांच्या डॉक्टरांना सांगायची आणि दातांचा त्रास मनाच्या डॉक्टरांना सांगायचा. पेशंट एकच आहे, दोन्ही डॉक्टरांना तो पूर्ण कळायला हवा.

आता हिरड्या. इथे एक गोष्ट आधी साफ करतो, म्हणजे कोणी माझ्या लेखाचा आधार घेऊन ब्रश सोडणार नाही. हिरड्यांच्या नेहमीच्या रोगाचं मूळ दातांवर बसणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरात आहे. १९६५ साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात साफ करायचं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू झाली आणि त्या बऱ्या झाल्या. म्हणजे ब्रशला पर्याय नाही. ताण हा थर तयार करत नाही. तो त्या थराशी झुंजणाऱ्या शरीराचा हात पिरगाळतो.

कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं सतत चढी राहिली की प्रतिकाराची घडी विस्कटते. जिथे लढायला हवं तिथे शरीर ढिलं पडतं आणि जिथे थांबायला हवं तिथे दाह चालूच राहतो. रक्तातली साखर वाढते. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना वाढवतात, हे तर आता पक्कं माहीत आहे. यात वागण्याचाही भाग आहे. थकलेला माणूस ब्रश न करताच झोपतो, वेळेवर जेवत नाही, तंबाखू वाढवतो.

दातांचे डॉक्टर एका बारीक सळईने हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेची खोली मोजतात. सळईवर मिलिमीटरच्या रेघा असतात. एक ते तीन ठीक. चार झाले की काळजी, सहा-सात झाले की खालचं हाड गेलेलं असतं. आतून पोखरत जाणारा हा रोग बराच काळ दुखत नाही. ब्रश करताना बेसिनमध्ये दिसणारं गुलाबी पाणी हाच त्याचा पहिला निरोप. आणि बहुतेक लोक तिथेच नेमकं उलटं वागतात. रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रशच फिरवत नाहीत. थर वाढतो, त्याचं किटण होतं, रक्त आणखी येतं. डॉक्टर किटण काढा म्हणाले तर "साफ केल्याने दात हलतात" म्हणून घरचे अडवतात. दात हलतात ते हाड गेल्यामुळे. किटणाने नुसता आधार दिल्याचा भास होत असतो. निरोगी हिरडीतून ब्रशने रक्त येत नाही. येत असेल तर तिथे जास्त हळुवारपणे, पण न चुकता ब्रश फिरवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

ताण, अपुरी झोप, वाईट खाणं आणि सिगारेट एकत्र आले की हिरड्यांचं काय होतं, ते पहिल्या महायुद्धात दिसलं. खंदकांत महिनोन्‌महिने अडकलेल्या सैनिकांच्या हिरड्या कुजल्या. दातांमधली हिरडीची टोकं गळाली, वर करडा पापुद्रा आला, असह्य ठणका आणि दुर्गंधी. या रोगाला ट्रेंच माउथ असंच नाव पडलं. पुढे शांततेच्या काळात तो परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या पोरांमध्येही दिसला. खंदक आणि वसतिगृह यांतलं साम्य बंदुकीत नाही. भीती, जागरण आणि आबाळ हे तिन्हीकडे सारखंच असतं, मग तो खंदक असो, वसतिगृह असो की तीन पाळ्यांचा कारखाना.

महाराष्ट्रात या साखळीची एक कडी फार जुनी आहे. तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातली २६.६ टक्के प्रौढ माणसं तंबाखूचं सेवन करत होती. त्यातली बहुतेक चघळणारी, घासणारी. ऊसतोडीच्या फडात पहाटे तंबाखू-चुना मळला जातो तो भूक मारायला आणि अंग ओढायला. गावोगावच्या बायका दुपारच्या वेळी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना घासत बसतात. "डोकं शांत होतं गं," हे वाक्य कुठल्याही वाड्या-वस्तीवर ऐकायला मिळेल. अशा बाईला कोणी व्यसनी म्हणून झिडकारायचं कारण नाही. दिवसभरात तिच्या डोक्याला मिळणारी ती एकमेव विश्रांती आहे. पण त्या मिश्रीने हिरडी मुळापासून सुटते आणि तोंडाच्या कर्करोगाचं दार उघडतं. विडी-सिगारेट तर आणखी दगा देते. तिच्याने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं कमी होतं आणि ओढणाऱ्याला वाटतं, हिरड्या ठणठणीत आहेत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. बंदी हवीच. पण तंबाखू सुटावी असं खरंच वाटत असेल, तर ती ज्या कष्टावर आणि घोरावर औषध म्हणून घेतली जाते, त्याला हात घालावा लागेल.

आता पैशाकडे येतो, कारण ताणाचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठाच्या रॉबर्ट जेन्को आणि सहकाऱ्यांनी एरी काउंटीतल्या २५ ते ७४ वयाच्या १,४२६ लोकांच्या हिरड्या तपासल्या आणि त्यांच्या आयुष्यातल्या ताणांची चौकशी केली. १९९९ साली ते काम प्रसिद्ध झालं. वय आणि सिगारेट यांचा परिणाम वजा करूनही पैशाची ओढाताण हा हिरड्यांच्या रोगाशी जोडलेला ताण निघाला. पण सगळ्यांत सारखा नाही. ओढाताणीत जे आतल्या आत कुढत राहिले, त्यांच्या दातांचा आधार आणि हाड जास्त गेलं होतं. ज्यांनी अडचणीला समोरून हात घातला, त्यांच्या हिरड्यांची अवस्था ओढाताण नसलेल्यांपेक्षा वाईट नव्हती.

हा निष्कर्ष आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण आपण कुढण्यालाच मोठेपणा दिला आहे. सोसणारी आई, सोसणारी सून, मुकाट राबणारा बाप, कधी तक्रार न करणारा कामगार. लग्नाच्या समारंभापासून श्रद्धांजलीच्या भाषणापर्यंत सोसण्याचंच कौतुक चालतं. "दात-ओठ खाऊन दिवस काढले," असं आपण अभिमानाने सांगतो. ते दिवस निघाले, पण त्यांची किंमत त्या माणसाच्या शरीराने मोजली आणि तोंडाने तर सगळ्यात आधी मोजली. घरात सगळ्यांचे दात दाखवून झाले की आईची पाळी येते आणि तोवर बऱ्याचदा कवळीचाच प्रश्न उरलेला असतो. सोसण्याचे गोडवे गाणं आता थांबवू या. त्रास बोलून दाखवणारा माणूस कमकुवत नसतो. तो आपलं हाड वाचवत असतो.

पण अडचणीला हात घालायला हाताला जागा हवी. दर आठवड्याला हप्त्याची वसुली दारात उभी असेल, तर एकट्या बाईने तिथे कुठला श्वासाचा व्यायाम करायचा? हप्ते पुन्हा बांधून मिळणं, सावकाराचा पाश सुटणं, मजुरी वेळेवर हातात पडणं, हे तिच्या हिरड्यांचेही उपचार आहेत. म्हणून दंतआरोग्याची जबाबदारी जिथे जिथे टोलवली जाते, तिथे थेट बोलतो.

मालक आणि मॅनेजर मंडळींनो, वर्षातून एकदा सभागृहात तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवून तुमचं काम संपत नाही. रात्री अकराला मेसेज टाकून सकाळी आठला उत्तर मागणं बंद करा. पाळ्या दर आठवड्याला उलट्यासुलट्या करू नका. सुट्टी मागणाऱ्याला गुन्हेगारासारखं उभं करू नका. व्याख्यानाला खर्च येतो, याला येत नाही.

विमा कंपन्यांनो, बहुतेक आरोग्य पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचे उपचार वगळलेले असतात. तोंड शरीराच्या बाहेर आहे का? मधुमेहाच्या गुंतागुंतीचे पैसे देता आणि त्याच मधुमेहाला चिथावणाऱ्या हिरडीचे देत नाही. वर्षातून एक तपासणी आणि एक सफाई प्रत्येक पॉलिसीत असलीच पाहिजे.

परीक्षा घेणाऱ्यांनो, वेळापत्रक द्या आणि ते पाळा. तुमच्यासाठी ती एक तारीख असते. अभ्यासिकेत बसलेल्या पोरासाठी ते आणखी काही महिन्यांचं भाडं, मेस आणि जागरण असतं.

आई-वडिलांनो, फोनवर निकालाच्या आधी "जेवलास का, झोपलास का?" हे विचारा. आणि मूल दात खातं म्हणून नुसतं जंताचं औषध पाजू नका. लहान मुलांमध्ये झोपेत दात खाणं सर्रास आढळतं आणि पुष्कळदा आपोआप थांबतं. पण जबडा दुखत असेल, दात झिजत असतील किंवा मूल घोरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत, घरात त्याला काही बोचतंय का, हेही बघा.

आणि ज्याच्या तोंडात हे सगळं घडतंय त्या तुम्हाला. दर तासाला एकदा जबडा तपासा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. रात्रीचा ब्रश कितीही थकलात तरी सोडू नका. सकाळचा चुकला तर एक वेळ चालेल, रात्रीचा नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा आणि दाब कमी द्या. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. रांग असते, पण काम होतं. घोर फारच झाला, झोप उडाली, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. कर्जाचा विषय असेल तर घरात लपवू नका. हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन बसा.

शेवटची मागणी दंतवैद्यांकडे, कारण सुरुवात तुमच्या हातात आहे. तुमच्या केसपेपरवर बीपीचा रकाना आहे, साखरेचा आहे, ॲलर्जीचा आहे. त्याखाली आणखी दोन छापून घ्या: झोप आणि काळजी. पेशंट बोलायला लागला की घड्याळाकडे बघू नका. तुम्ही त्याचं कर्ज फेडावं, असं कोणी म्हणत नाही. पण त्याच्या दाढेला तडा का गेला हे तुम्हाला कळेल आणि गार्ड द्यायचा, झोपेच्या तपासणीला पाठवायचं की मनाच्या डॉक्टरकडे, हे ठरवता येईल. हे विचारायला पाच मिनिटं लागतात. चिरलेली दाढ काढून त्या जागी इम्प्लांट उभं करायला महिने जातात आणि ज्याच्याकडे पैसे नसतात त्याची ती जागा कायमची रिकामी राहते.